गोफण : दोरीची निवड आणि आवाज

दोन दोऱ्या आणि त्यांच्यामध्ये दगड धरणारी झोळी एवढेच भाग असलेले फेकण्याचे साधन म्हणजे गोफण. एका दोरीच्या टोकाचा फास बोटात अडकून राहतो. दुसरीचे टोक चिमटीत धरून ऐन वेळी सोडतात. ही दुसरी येथे ‘सुटती दोरी’ म्हणून उल्लेखिली आहे. शेतराखणीच्या गोफणीत कडाडणारा आवाज हा गुण असतो, शिकारीच्या गोफणीत तोच दोष ठरतो. त्यामुळे दिसायला सारख्या असूनही या दोन गोफणींच्या दोऱ्या अगदी उलट निकषांवर निवडल्या जातात.

प्राचीनता : इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत मिळालेले गोलसर गोळे सामान्यतः गोफणगुंडे मानले जातात. तथापि केवळ आकारावरून केलेली ही ओळख सावधपणेच घ्यावी. लिखित पुराव्यांपैकी कौटिलीय अर्थशास्त्रातील अश्मायुधांच्या यादीत ‘गोष्पण’ येते. हा ग्रंथ इ. स. पू. चौथ्या शतकातला की इ. स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत सिद्ध झालेला, याविषयी मतभेद आहेत. हल्लीचा कल उत्तरकाळाकडे आहे आणि तो अधिक सयुक्तिक वाटतो. सुश्रुतसंहितेतील चौदा व्रणबंधांत (जखमेवर पट्टी बांधण्याच्या प्रकारांत) ‘गोफणा’ हा एक बंध आहे. मधे रुंद आणि दोन्हीकडे निमुळती अशी ही वस्तू वैद्यांनाही परिचित होती, असे त्यावरून मानता येते. दोरी मात्र दमट हवेत टिकत नाही. म्हणून जुन्या द्रव्यांचा प्रत्यक्ष पुरावा कोरड्या प्रदेशांतून येतो : इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्यातील (इ. स. पू. सु. १३२५) गोफणी जवसाच्या धाग्याच्या आहेत. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने भूमध्य समुद्रातील बॅलिआरिक बेटांवरील गोफणकऱ्यांसाठी लव्हाळ्यासारखी वनस्पती, केस आणि स्नायुतंतू अशी तीन द्रव्ये नोंदवली आहेत. अँडीजमध्ये लामा-अल्पाकाची लोकर आणि तिबेटात याकचे केस वापरतात.

आवाजाची कारणे : फिरत्या गोफणीचा घोंगावणारा आवाज आणि दगड सुटतानाचा कडाका यांची कारणे निराळी आहेत, ती एकत्र केल्याने दोरीविषयीचे पुष्कळ सल्ले फसतात.

घोंगावणे हवेतल्या भोवऱ्यांमुळे होते. गोल दोरी हवा कापत जाते तेव्हा तिच्या मागे दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भोवरे सुटतात. त्यांची वारंवारिता साधारणपणे ०.२ × वेग ÷ जाडी इतकी असते. दोरीचा एखादा भाग सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर २ मिमी जाडीला सु. २,००० हर्ट्झ, ४ मिमीला १,००० आणि ८ मिमीला ५०० हर्ट्झ येतात. पक्ष्यांचे कान साधारण १,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतात. म्हणून बारीक दोरीची शीळ मंद असली तरी पक्ष्याला सहज ऐकू जाते. जाड दोरीचा सूर खाली उतरतो, पण ती हवेला जास्त अडते आणि फेक मंदावते. या आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. वेग दुप्पट झाला तर ती ६४ पट, म्हणजे १८ डेसिबलने वर जाते. चार-पाच वेढे दिले तर दोरी बराच वेळ वेगात घोंगावते, एकाच वेढ्यात ती तो वेग शेवटच्या क्षणीच गाठते. म्हणून एकाच वेढ्यात दगड सोडणे दोरी बदलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

कडाक्याबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार तो रिकाम्या झोळीच्या पाकळ्या आपटण्याचा आवाज, दुसऱ्यानुसार सुटत्या दोरीचा शेंडा चाबकाप्रमाणे ध्वनीच्या वेगापलीकडे (३० अंश सेल्सिअसला सु. ३४९ मीटर प्रतिसेकंद) जातो. चाबकाबाबत हे १९२७ मध्ये कॅरिएरने छायाचित्रणाने दाखवले आणि २००२ मध्ये गोरिएली व मॅकमिलेन यांनी त्याचे गणित मांडले. शेंड्याचा झुबका कापून तेथे घट्ट गाठ मारली की झोळी तीच असूनही कडाका बराच उतरतो. त्यामुळे दुसरे मत ग्राह्य वाटते. निमुळता, हलका, सुटा शेंडा कडाडतो. एकसारख्या जाडीचा, टोकाला वजन असलेला शेंडा कडाडत नाही.

द्रव्ये : ८० ग्रॅमचा दगड सेकंदाला ३० मीटर वेगाने फिरवताना हात धरून त्रिज्या सव्वा मीटर असेल, तर दोऱ्यांवर मिळून साधारण ६ किलोचा ताण येतो. तेव्हा ‘किती किलो पेलते’ हा निकष येथे निरर्थक आहे. महत्त्व आहे ते पृष्ठभाग, दोरी किती ताणली जाते ते आणि वजन यांना.

सर्वांत मूक दोरी लोकरीची. तिच्या तंतूंची लव भोवरे नियमित सुटू देत नाही. घाटावरच्या घोंगडीचे जाडे सूत या कामाला उत्तम. परंतु लोकर आपल्या वजनाच्या सु. ३० टक्के बाष्प शोषते आणि ठाण्याच्या पावसाळ्यात लवकर वाळत नाही. अंबाडी व ताग त्याखालोखाल. ते ताणत नाहीत, वजन बेताचे आणि पृष्ठभाग खरबरीत असतो. कोरी दोरी मात्र ताठ असते, ती भिजवून, चोळून मऊ करावी लागते. सुती दोरी मऊ आणि सोपी, पण ओली झाल्यावर जड होते. काथ्या बोटांना टोचतो.

कृत्रिम दोऱ्यांत ताडपत्री बांधायची गुळगुळीत पॉलिप्रॉपिलीन दोरी सर्वांत वाईट : हलकी, ताठ, शीळ घालणारी, गाठ सरकणारी. पॅराकॉर्ड (४ मिमी नायलॉन) सहज मिळते. पण नायलॉन ताणून परत आखडते, त्यामुळे सुटताना शेंडा अधिक झटक्याने उडतो. हलकी करण्यासाठी आतले सात धागे ओढून काढले तर कवच चपटे होऊन फडफडते. फितीसारखी चपटी वीण याच कारणाने टाळावी. कृत्रिमच हवी असेल तर कमी ताणणारी, लवदार पृष्ठभागाची पॉलिएस्टर दोरी घ्यावी.

पिळाची तीनपदरी दोरी की गोल गोफ, हा प्रश्न वारंवार येतो. पिळाचे उंचवटे भोवऱ्यांची लय मोडतात. उंच धुराड्यांवर मळसूत्री पट्ट्या बसवतात त्यामागे हेच तत्त्व आहे. परंतु पीळ फेकीगणिक थोडा उलगडतो आणि झोळी तिरकी होते. अंबाडीचा चौपदरी गोल गोफ, फारसा गुळगुळीत न केलेला, हा उत्तम मध्य होय.

घडण : मूक गोफणीसाठी तयार लांबी दर बाजूस ७० सेंमी असेल तर धागे किमान दीडपट घ्यावेत. जाडी झोळीजवळ ५ ते ६ मिमी, शेंड्याशी ४ मिमीच्या खाली नको. फास आधी करावा. मग दोन किलोचे वजन रात्रभर टांगून दोऱ्या ताणून घ्याव्यात आणि त्यानंतरच शेंड्याची गाठ मारावी. आधी मारली तर लांबी पुढे असमान होते. गाठ दीड सेंमीच्या आसपास असावी, तिच्यापुढे ५ मिमीहून जास्त सुटे तंतू राहू देऊ नयेत आणि तिच्यावर सुताचे वेढे घट्ट गुंडाळावेत. मोठी गाठ बोटांत अडकते. दगड उशिरा सुटून वरून केलेल्या फेकीत जवळच जमिनीवर आदळतो. झोळी ताठ चामड्याऐवजी विणलेली, मधे चीर असलेली करावी. चामड्याचीच असेल तर तेल देऊन मऊ करावी.

दोरी मूक झाली तरी दगड बोलतो. स्कॉटलंडमधील बर्न्सवार्क येथे रोमन काळातील भोक पाडलेल्या शिशाच्या गोळ्या मिळाल्या, त्या शीळ घालण्यासाठीच असाव्यात असे मानले जाते. ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगरातल्या खाणींची कोनदार खडी भिरभिरत जाते; उल्हास किंवा काळू नदीतला घासलेला गोटा बराच शांत जातो.

ठाणे परिसर : मुरबाड-शहापूरच्या भातखाचरांत दाणे भरताना पाखरे हाकण्यासाठी मोठा आवाज करणारी गोफणच हवी, तिथे शेंड्याला घायपाताचा झुबका योग्य. वन्य प्राण्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. येऊरचे राष्ट्रीय उद्यान आणि २०१५ मध्ये घोषित झालेले ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य येथे गोफण नेऊच नये. मूक गोफणीचा आजचा उपयोग निशाणबाजीपुरता उरतो आणि तोही पुढे शंभर मीटर तरी मोकळी जागा असेल तिथे. खाडीकाठच्या खाऱ्या दमट हवेत वापरलेली अंबाडीची दोरी गोड्या पाण्यात धुऊन सावलीत टांगावी. मीठ राहिले तर ती सतत ओल धरते आणि तंतू आतून कुजतात.