फूटरेस्ट खाली घेणे आणि हायवे पेग बसवणे

लांबच्या प्रवासात गुडघे दुखतात अशी तक्रार घेऊन मोटरसायकलस्वार गॅरेजात गेला की त्याला बहुधा दोन उपाय सुचवले जातात. पहिला उपाय म्हणजे चासी (गाडीचा सांगाडा) आणि मूळ फूटरेस्ट यांच्यामध्ये ब्रॅकेट घालून फूटरेस्ट दोन-चार सेंटिमीटर खाली, आणि जमल्यास किंचित पुढे घेणे. दुसरा उपाय म्हणजे मूळ फूटरेस्टला हात न लावता पुढच्या लेगगार्डच्या नळीवर क्लॅम्प आवळून फूटरेस्टची आणखी एक जोडी बसवणे. या जोडीला सगळे हायवे पेग म्हणतात. दुकानात या दोन्ही वस्तू एकाच कपाटात शेजारीशेजारी असतात, दोन्ही आरामासाठी म्हणूनच विकल्या जातात आणि किमतीतही अनेकदा फार अंतर नसते, त्यामुळे एकीचे काम दुसरी करील असा समज सहज होतो.

माझाही तोच समज होता. पुण्याहून सावंतवाडीला जाताना कराड मागे पडले की माझा उजवा गुडघा ठणकू लागे, म्हणून मी हायवे पेग बसवून घेतले. सरळ रस्त्यावर पाय लांब करता आल्याने बरे वाटले, पण आंबोलीचा घाट उतरताना पाय पुन्हा मूळ जागी आले आणि थोड्याच वेळात ठणका परतला. पेगमध्ये काही खोट नव्हती. मी दुखण्याचे कारण न शोधता उपाय विकत घेतला होता. ते कारण समजून घ्यायचे तर आधी गुडघ्याच्या कोनाकडे पाहावे लागते.

मांडी आणि नडगी यांची लांबी प्रत्येकी ४५ सेंटिमीटर धरू. सीटवर बसल्यावर खुब्याच्या सांध्यापासून घोट्यापर्यंतचे सरळ अंतर ५५ सेंटिमीटर असेल, तर गुडघ्यात साधारण ७५ अंशांचा कोन होतो, म्हणजे गुडघा काटकोनापेक्षाही जास्त मुडपलेला असतो. हे अंतर ३ सेंटिमीटरने वाढले की कोन ८० अंशांवर जातो आणि ४ सेंटिमीटरने वाढले की ८२ अंशांवर. पाच-सात अंशांचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण प्रवासाच्या प्रत्येक मिनिटाला तो गुडघ्याला मिळत राहतो, शहरात, घाटात, सिग्नलवर, सगळीकडे. मात्र काटकोन गाठायचा तर अंतर जवळजवळ ६४ सेंटिमीटर हवे, म्हणजे फूटरेस्ट ९ सेंटिमीटर खाली न्यायला हवा, आणि असे करण्याइतकी जागा कोणत्याही नेहमीच्या मोटरसायकलच्या खाली नसते. उंच माणसाने ब्रॅकेटकडून किती अपेक्षा ठेवावी याची मर्यादा इथेच कळते.

हायवे पेगचा हिशोब अगदी वेगळा आहे. लेगगार्डवर पाय ठेवल्यावर खुब्यापासून घोट्यापर्यंतचे अंतर ८० सेंटिमीटरच्या आसपास गेले, तर गुडघ्यातला कोन १२५ अंशांपर्यंत उघडतो. निव्वळ कोन पाहिला तर हायवे पेग ब्रॅकेटला कितीतरी मागे टाकतो, आणि दुकानात बसून पाहणारा माणूस याच सुखाला भुलतो. परंतु या स्थितीत पाय ब्रेकपासून आणि गिअरपासून दूर असतात, त्यामुळे तो कोन प्रवासाच्या काही मोजक्या तुकड्यांतच वापरता येतो. ब्रॅकेटमुळे बसण्याची मूळ पद्धत बदलते. हायवे पेगमुळे ती आहे तशीच राहते आणि तिच्यातून अधूनमधून सुटका मिळते. माझा गुडघा मूळ बैठकीत दुखत होता, त्यामुळे सुटकेचा उपाय त्याला पुरणारा नव्हता.

पाय पुढे असलेली प्रत्येक मोटरसायकल हायवे पेगच्याच प्रकारची, असेही समजू नये. पुण्याच्या बजाज कंपनीने २००५ मध्ये आणलेली अ‍ॅव्हेंजर किंवा रॉयल एनफिल्डची २०२० मधली मीटिओर ३५० या गाड्यांत फूटरेस्ट पुढे आहेतच, पण त्यांच्याबरोबर ब्रेकचे पेडल आणि गिअरचा लिव्हरही पुढे आहे, आणि सीटची उंची व हँडलचा वाक त्याला धरूनच ठरवलेला आहे. त्या गाडीवर पाय पुढे ठेवणे हीच तिची मूळ बैठक आहे. रॉयल एनफिल्डच्याच क्लासिकवर किंवा बुलेटवर हायवे पेग लावल्याने ती गाडी तशी होत नाही, कारण पाय पुढे गेले तरी ब्रेक जिथल्या तिथेच राहतो.

ब्रेकपासूनच्या या अंतराची किंमत मोजता येते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. पेगवरचा उजवा पाय उचलून मागे आणून पेडलवर ठेवण्यात अर्धा सेकंद गेला, तरी मागचा ब्रेक लागण्यापूर्वी गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. पुढचा ब्रेक हाताशी असतो हे खरे, आणि थांबवण्याचे मोठे काम तोच करतो हेही खरे. परंतु अचानक आलेल्या प्रसंगात गिअर खाली घेता न येणे आणि गाडीवर पायांची पकड नसणे या दोन्ही गोष्टी त्या अर्ध्या सेकंदात भर घालतात. अमेरिकेतल्या क्रूझर गाड्यांवर ही वस्तू रुळली ती तासन्‌तास सरळ जाणाऱ्या, प्रवेश नियंत्रित असलेल्या महामार्गांमुळे. महाराष्ट्रात तसे दोन मोठे रस्ते आहेत, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, आणि या दोन्हींवर दुचाकींना मनाई आहे. आपल्या वाट्याला येतो तो सातारा–कोल्हापूरसारखा रस्ता, जिथे ऊसतोडीच्या दिवसांत मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या चाललेल्या असतात आणि दुभाजकाच्या फटीतून कोणीही उलट दिशेने समोर येतो. पेग कुठे वापरता येतील हे ठरवताना मी हा विचार सर्वांत वर ठेवतो.

दुसरी गोष्ट वजनाची. फूटरेस्ट शरीराच्या खाली असले की खड्डा किंवा गतिरोधक दिसताच पायांवर जोर देऊन सीटवरून किंचित उठता येते, आणि धक्का पाठीच्या मणक्यापर्यंत न जाता मांड्यांत जिरतो. फूटरेस्ट ३ सेंटिमीटर खाली गेले तरी ही सोय शाबूत राहते. ते फार पुढे नेले तर मात्र कमी होते, म्हणून ब्रॅकेट घेताना ‘खाली’कडे अधिक आणि ‘पुढे’कडे कमी लक्ष द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. हायवे पेगवर पाय असताना उठताच येत नाही. शरीराचा बहुतेक भार माकडहाडावर येतो, छातीवर आलेला वारा माणसाला मागे ढकलतो, आणि ते सावरण्यासाठी तो नकळत हँडलला लटकतो. म्हणूनच काही जणांचे गुडघे सुखावतात आणि कंबर धरते. पेगवर सलग पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त वेळ पाय ठेवू नयेत, हे मी अनुभवाने शिकलो.

ब्रॅकेटचा तोटा वळणावर कळतो. समजा फूटरेस्टचे टोक गाडीच्या मध्यरेषेपासून ३५ सेंटिमीटर बाहेर आणि जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर आहे. तर गाडी सुमारे ४० अंश झुकल्यावर ते जमिनीला लागेल. तेच टोक ४ सेंटिमीटर खाली आणले की हा आकडा साडेछत्तीस अंशांवर येतो, आणि मागे माणूस व सामान असल्याने सस्पेन्शन दबले असेल तर आणखी कमी होतो. सावकाश प्रवास करणारा माणूस इतका झुकत नाही, परंतु कुंभार्ली घाटासारख्या रस्त्यावर आतल्या बाजूची कड उंचावलेली असते आणि चाकाखाली खड्डाही येतो, तेव्हा हिशोबातली मोकळी जागा प्रत्यक्षात तेवढी उरत नाही. यासाठीच फूटरेस्ट जमिनीला लागल्यावर वर दुमडला गेला पाहिजे. कारखान्यातून आलेल्या फूटरेस्टमध्ये ती बिजागरी आणि स्प्रिंग असते. काही स्थानिक वेल्डिंगच्या कामांत ब्रॅकेट बसवताना ती बिजागरी ताठ करून टाकलेली मी पाहिली आहे. असा न दुमडणारा फूटरेस्ट जमिनीत रुतला तर मागचे चाक उचलले जाऊ शकते. ते काम परत करून घ्यावे, त्यावर प्रवास करू नये.

फूटरेस्ट खाली घेतल्यावर काम तिथे संपत नाही, आणि ही बाब विकणारे फारसे सांगत नाहीत. पाऊल खाली गेले पण गिअरचा लिव्हर जुन्याच उंचीवर राहिला, तर प्रत्येक गिअरला घोटा वर मुरडावा लागतो आणि गुडघ्याचे दुखणे घोट्यात उतरते. लिव्हर ज्या दातेरी शाफ्टवर बसतो तिथून तो सोडवून एक दाता खाली बसवावा; मध्ये जोडदांडी असेल तर तिची लांबी कमी-जास्त करता येते. उजवीकडे ब्रेकचे पेडलही खाली घ्यावे लागते, आणि ते घेतले की मागच्या ब्रेकलाइटचा स्विचही त्याच प्रमाणात जुळवावा लागतो, नाहीतर दिवा सतत लागून राहतो किंवा ब्रेक दाबूनही लागत नाही. शेवटी किक, सायलेन्सर आणि साइड स्टँड यांना नवा फूटरेस्ट अडत नाही ना, हे गाडी सुरू करण्यापूर्वी हाताने फिरवून पाहावे. हायवे पेगच्या बाबतीत यातले काहीच करावे लागत नाही. अर्ध्या तासात दोन क्लॅम्प आवळले की झाले. पसंतीत त्यांना झुकते माप मिळते याचे एक कारण हा सोपेपणा आहे.

ताकदीच्या बाबतीतही दोन्हींना एकच कसोटी लावता येत नाही. फूटरेस्टवर माणूस उभा राहतो, त्यामुळे ७५ किलोच्या स्वाराचे सगळे वजन, खड्ड्यात तर त्याच्या कितीतरी पट जोर, त्या ब्रॅकेटच्या दोन बोल्टांवर येतो. इथे पातळ पत्रा किंवा ओतीव काम चालवून घेऊ नये. हायवे पेगवर फक्त पायांचे वजन येणे अपेक्षित आहे आणि त्यावर उभे राहण्याचा प्रयत्न कधीच करू नये. क्लॅम्पचे माप लेगगार्डच्या नळीच्या मापाशी तंतोतंत जुळले पाहिजे: २५ मिलिमीटरच्या नळीवर ३२ मिलिमीटरचा क्लॅम्प रबराची पट्टी गुंडाळून बसवला, तर इंजिनच्या थरथरीने तो काही दिवसांत फिरतो आणि पाय ऐन वेगात खाली घसरतो. पायांच्या बोटांची आणि पुढच्या चाकाची गाठ पडणार नाही, हे हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहणेही आवश्यक आहे.

रुंद फूटरेस्ट ही तिसरी वस्तू या दोघांच्या गर्दीत मिसळली जाते. तिने तळव्यावरचा भार पसरतो आणि उभे राहून गाडी चालवणाऱ्याला आधार मिळतो. गुडघ्याच्या कोनात मात्र ती काहीही फरक करीत नाही.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक साधी परीक्षा घ्यावी, आणि ती घ्या असे मी आग्रहाने सांगेन. जाड चादरीच्या किंवा घोंगडीच्या घड्या करून, बसल्यावर दबूनही सुमारे ३ सेंटिमीटर जाडी राहील अशा बेताने ती सीटवर घट्ट बांधावी आणि ओळखीच्या रस्त्यावर पन्नास-साठ किलोमीटर जाऊन यावे. सीट ३ सेंटिमीटर वर जाणे आणि फूटरेस्ट ३ सेंटिमीटर खाली जाणे हे गुडघ्याच्या दृष्टीने जवळजवळ सारखेच आहे. फक्त थांबल्यावर पाय जमिनीला थोडे कमी पोहोचतात, एवढे सांभाळावे. गुडघा शांत राहिला तर ब्रॅकेट उपयोगी पडेल. नेहमीच्याच वेळी दुखू लागला, पण उतरून चार पावले चालल्यावर लगेच मोकळा झाला, तर त्रास कोनाचा नसून एकाच स्थितीत अडकून पडण्याचा आहे, आणि तिथे हायवे पेग, किंवा दर तासाला चहाचा थांबा, अधिक कामाचा. या परीक्षेत आणखी एक गोष्ट अनेकदा उघड होते: सहा-सात वर्षे वापरलेल्या सीटचा फोम दबून दीड-दोन सेंटिमीटर बसलेला असतो, म्हणजे गुडघ्याचा कोन सीटनेच हळूहळू घटवलेला असतो. अशा वेळी फोम नवा भरून घेणे हा दोन्हींहून चांगला उपाय आहे, आणि माझ्या गुडघ्याला अखेर तोच लागू पडला, वर २५ मिलिमीटरच्या ब्रॅकेटची जोड देऊन.

कायद्याचेही पाहून ठेवावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांच्या दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची, किंवा दोन्हींची तरतूद आहे. फूटरेस्टची उंची त्या प्रमाणपत्रात लिहिलेली नसते. तरी चासी कापणे किंवा तिला वेल्डिंग करणे टाळावे, आणि मूळ बोल्टांच्या छिद्रांतच बसणारे, पुन्हा काढता येणारे ब्रॅकेट घ्यावे. मागे बसणाऱ्याचे फूटरेस्ट मात्र कोणत्याही कारणाने काढून टाकू नयेत, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ ने ते हँडग्रिप आणि साडीगार्ड यांच्याबरोबरीने आवश्यक ठरवले आहेत.

दोन्हींपैकी काहीही बसवले तरी पहिल्या शंभर किलोमीटरनंतर थांबून बोल्ट पान्याने तपासावेत, आणि बोल्टाच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला आहे हे लांबूनच कळते.