बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे शिक्षण (मुंबई)

बुद्धीची वाढ आणि रोजचे व्यवहार सांभाळणे या दोन्हींत वयाच्या मानाने बऱ्याच मागे असलेल्या मुलांचे विशेष शिक्षण, आणि त्यासाठी आसपासच्या माणसांची तयारी. ‘मतिमंद’ हा जुना शब्द आता मागे पडला आहे. ही अवस्था म्हणजे मानसिक आजार नव्हे. डाऊन सिंड्रोम (जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असणे), जन्मावेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे, मेंदूज्वर ही काही कारणे. अनेकदा कारण सापडतच नाही. तरी दोष आईच्या माथी मारला जातो, हे क्रूर आहे.

मुंबईत १९४४ मध्ये वकील कुटुंबाने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी घरीच शिकवणे सुरू केले. शिवडीची जय वकील शाळा त्यातून उभी राहिली.

विशेष शाळेत प्रत्येक मुलाचा आराखडा वेगळा असतो. एक काम लहान लहान पायऱ्यांत फोडतात. शर्टाचे बटण लावायला शिकवताना पुष्कळदा शेवटच्या पायरीपासून सुरुवात होते: बाई बटण काजातून अर्धे बाहेर काढतात, मूल ते फक्त ओढून घेते. त्यामुळे पहिल्याच दिवशी ‘मला जमलं’ हा आनंद मिळतो. मग एकेक पायरी मागे जायचे. पैसे शिकवायचे ते खऱ्या नाण्यानोटांनी.

खरी परीक्षा रस्त्यावर होते. मुलाने दहाची नोट देऊन बिस्किटपुडा मागितला आणि वाण्याने पुडा सोबतच्या आईच्या हातात ठेवला, तर वर्गातली मेहनत तिथेच अडते. लोकजागृती म्हणजे मुख्यतः हेच: वाण्याने, बसच्या कंडक्टरने, सोसायटीच्या वॉचमनने मुलाशीच बोलावे आणि उत्तरासाठी थोडे थांबावे. गणपतीच्या आरतीला त्याच्या हाती झांजा देणारी चाळ एखाद्या व्याख्यानापेक्षा जास्त शिकवते, असे म्हणायला हरकत नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने किमान ४० टक्के अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या सर्वसाधारण शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. अठरानंतर कार्यशाळा असतात. तिथे राख्या, पणत्या, कागदी पिशव्या बनतात. पण जागा अपुऱ्या आहेत आणि अनेक तरुण पुन्हा घरात अडकतात. ‘आमच्यामागे कोण?’ या पालकांच्या प्रश्नासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो.