धाग्याची जाडी (हातविणकाम व क्रोशे)

हातविणकाम आणि क्रोशेकाम यांसाठी लागणाऱ्या धाग्याची जाडी मोजण्याच्या व सांगण्याच्या पद्धती. धागा मऊ असतो, किंचित दाबला तरी चपटा होतो आणि ताणला की बारीक होतो. त्यामुळे त्याचा व्यास थेट मोजून फारसे काही हाती लागत नाही. म्हणून जाडी आडवाटेने सांगितली जाते : ठराविक वजनात भरणारी लांबी, पदरांची संख्या, एका इंचात बसणारे वेढे किंवा ठराविक सुईवर 10 सेंमी. रुंदीत येणारे टाके यांवरून. दुकानात आणि नमुन्यांच्या पुस्तकांत ही मापे एकमेकांच्या बदली वापरली जातात. वस्तुतः ती चार वेगळे गुणधर्म मोजतात आणि धाग्याचा तंतू किंवा कताईची पद्धत बदलली की त्यांचा मेळ सुटतो.

सूतांक : गिरणीत धाग्याची जाडी सूतांकाने सांगतात, बोलीत ‘काउंट’ किंवा ‘नंबर’ हे शब्द चालतात. सुती धाग्याच्या इंग्रजी पद्धतीत एक पौंड वजनात 840 यार्डांच्या जितक्या लडी भरतील तितका त्याचा सूतांक. 20 सूतांकाचे एक पौंड सूत म्हणजे 16,800 यार्ड लांबी. आकडा वाढतो तसे सूत बारीक होत जाते. वर्स्टेड, म्हणजे लांब तंतू विंचरून समांतर करून कातलेल्या लोकरीसाठी लडी 560 यार्डांची, जवसाच्या (लिननच्या) सुतासाठी 300 यार्डांची, तर यॉर्कशरमधील आखूड तंतूंच्या लोकरी सुतासाठी 256 यार्डांची धरतात. मेट्रिक सूतांकात एक किलोग्रॅममध्ये 1,000 मी.च्या किती लडी भरतात हे पाहतात. याउलट डेनियर (9,000 मी. लांबीचे ग्रॅममधील वजन) आणि टेक्स (1,000 मी. लांबीचे ग्रॅममधील वजन) या प्रत्यक्ष पद्धती आहेत, त्यांत आकडा वाढला की धागा जाड होतो. टेक्स हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. इंग्रजी सुती सूतांकाने 590.5 ला भागले असता, किंवा मेट्रिक सूतांकाने 1,000 ला भागले असता टेक्स मिळतो.

840 आणि 560 हे आकडे कोठून आले याविषयी मतभेदाला जागा आहे. सूत मोजण्याच्या चरकीकडे पाहिले तर त्यांची घडण स्पष्ट होते. सुती सुताच्या चरकीचा परीघ दीड यार्ड (54 इंच). तिचे 80 वेढे म्हणजे 120 यार्डांची एक ‘ली’ आणि अशा सात ‘ली’ मिळून 840 यार्डांची लडी. वर्स्टेडच्या चरकीचा परीघ एक यार्ड. तिच्या 80 वेढ्यांचे सात जुडगे म्हणजे 560 यार्ड. दोन्ही लडींत वेढे 560 च आहेत, फरक फक्त चरकीच्या आकाराचा आहे. यावरून एक स्पष्टीकरण असे देता येते की, मोजणीची रीत जुन्या लोकरधंद्याची असावी आणि सुती धंद्याने ती मोठ्या चरकीवर उचलली असावी. उलट, दीड यार्डाची चरकी लँकाशरच्या घरगुती कताईत स्वतंत्रपणे रूढ झाली असावी, असेही म्हणता येते. इंग्लंडमध्ये लोकरधंदा सुती धंद्याहून पुष्कळ जुना असल्याने पहिले स्पष्टीकरण अधिक संभवनीय वाटते. कालनिश्चितीबाबत मात्र सावध राहावे लागते. घरोघरी कापूस किंवा लोकर देऊन मोबदल्यात सूत घेणाऱ्या व्यापाऱ्यांना आखूड लडींचा त्रास होता. चरकीचा परीघ बोटभर कमी केला किंवा वेढे चोरले, तर सूत कमी असूनही लडी पुरी दिसे. 1777 च्या कायद्याने यॉर्कशर, लँकाशर व चेशर या परगण्यांत वर्स्टेड समिती स्थापन झाली. तिचे तपासनीस माल दडपणाऱ्या व आखूड लडी देणाऱ्या कामगारांवर कारवाई करीत. अपराध ठरवायचा तर माप आधी ठरलेले हवे. तेव्हा लडीची लांबी त्यापूर्वीच बऱ्यापैकी स्थिरावली असावी, एवढेच म्हणता येते.

खादीच्या कामातही हाच हिशेब दिसतो. चार फूट परिघाच्या फाळक्याचा (सूत गुंडाळण्याच्या चौकटीचा) एक वेढा म्हणजे एक तार, 160 तारांची लटी आणि चार लटींची, म्हणजे 640 तारांची गुंडी. ही लांबी सुमारे 853 यार्ड भरते, म्हणजे गिरणीच्या लडीच्या अगदी जवळ. त्यामुळे हातसुताचा अंक आणि गिरणीच्या सुताचा अंक यांची तुलना करणे सोपे झाले. मेट्रिक मापे आल्यावर गुंडी 1,000 मी.ची झाली.

सूतांक दुप्पट झाला म्हणजे धागा निम्मा बारीक होतो, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. व्यास हा वजनाच्या नव्हे, तर वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. वस्त्रसंशोधक पीअर्स यांनी 1937 मध्ये सुती धाग्यासाठी मांडलेल्या सूत्रानुसार इंचांतील व्यास म्हणजे 1 भागिले (28 × सूतांकाचे वर्गमूळ). त्यानुसार 20 सूतांकाच्या धाग्याचा व्यास इंचाचा सुमारे 125 वा भाग येतो. एकाच जातीचे दोन धागे जोडून विणले तर जाडी दुप्पट न होता सुमारे 1.4 पट होते. स्वेटरमध्ये दोन धागे एकत्र धरून विणण्याचा जो प्रघात आहे त्यात हे ध्यानात ठेवावे लागते.

पदर : ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे विणकामाची लोकर पदरांच्या, म्हणजे एकत्र पिळलेल्या धाग्यांच्या (‘प्लाय’च्या) संख्येने ओळखली जाते. भारतानेही हीच भाषा उचलली. दोन प्लाय, तीन प्लाय, चार प्लाय, आठ प्लाय (यालाच ‘डबल निटिंग’ किंवा डीके म्हणतात), दहा प्लाय (साधारणपणे अरान) आणि बारा प्लाय (चंकी) हे तिचे नेहमीचे दर्जे. प्रत्येक पदर एकाच ठरलेल्या जाडीचा असला, तरच पदर मोजून जाडी कळेल. मुळात तसे काही प्रमाण असावे, असे मानले जाते. त्याला आधार एवढाच की, आजच्या चार प्लाय लोकरीच्या 100 ग्रॅ.मध्ये सुमारे 400 मी. आणि आठ प्लायमध्ये 200 ते 240 मी. भरतात, म्हणजे आकड्यांचे प्रमाण ढोबळमानाने टिकून आहे. पण प्रत्यक्ष धाग्याची पिळाची गाठ सोडवून पाहिले की प्लायचा आकडा बहुधा जुळत नाही. शेटलंडच्या स्वेटरांची प्रसिद्ध लोकर दोनपदरी असूनही चार प्लायच्या जागी चालते. आइसलँडच्या लोपी धाग्यात एकच पदर असतो, पण त्याचा एक प्रकार अरानच्या आणि दुसरा चंकीच्या जाडीचा आहे. आज ‘चार प्लाय’ हे दर्जाचे नाव समजावे, पदरांची मोजदाद नव्हे.

प्रमाण वर्ग : अमेरिकेतील क्राफ्ट यार्न कौन्सिलने 0 ते 7 असे आठ वर्ग केले आहेत, वेष्टनावर गुंडीच्या छोट्या चित्रात हा आकडा छापलेला असतो. 0 म्हणजे लेस, 4 म्हणजे मध्यम (वर्स्टेड, अरान; येथे ‘वर्स्टेड’ हे जाडीचे नाव, कताईचे नव्हे), 6 म्हणजे अतिजाड आणि नंतर जोडलेला 7 म्हणजे जंबो. वर्ग टाक्यांवर ठरतो. सुलट विणीत 4 इंच (सुमारे 10 सेंमी.) रुंदीत वर्ग 1 मध्ये 27 ते 32, वर्ग 3 मध्ये 21 ते 24, वर्ग 4 मध्ये 16 ते 20 आणि वर्ग 5 मध्ये 12 ते 15 टाके यावेत. ब्रिटिश परंपरेत चार प्लायसाठी 3.25 मिमी. सुईवर 28, डीकेसाठी 4 मिमी.वर 22 आणि अरानसाठी 5 मिमी.वर 18 टाके हे रूढ प्रमाण आहे. जपानमध्ये ‘गोकुबोसो’ (अतिबारीक) पासून ‘नामिबुतो’ (मध्यम) व पुढे ‘गोकुबुतो’ (जाड) अशी निराळी नावे आहेत.

येथे सुईच्या क्रमांकांचा घोळ होतो. भारतातील जुन्या सुया ब्रिटिश क्रमांकांच्या आहेत : 8 नंबरची सुई 4 मिमी., 10 नंबरची 3.25 मिमी., 14 नंबरची 2 मिमी. आकडा वाढेल तशी सुई बारीक. अमेरिकी पद्धत याच्या उलट. तिच्यात 8 म्हणजे 5 मिमी. आणि 10 म्हणजे 6 मिमी. अमेरिकी नमुना वाचून घरातल्या 8 नंबरच्या सुया काढल्या, तर विणलेले अंग आवळ आणि लहान होणार, हे ठरलेलेच. मिमी.चे माप हाच त्यावर खात्रीचा उपाय.

मापे जुळली तरी नमुन्याचा तुकडा विणून पाहणे टळत नाही. 10 सेंमी.मध्ये 22 टाके धरून 90 सेंमी. घेराच्या स्वेटरसाठी 198 टाके घातले आणि सैल हातामुळे प्रत्यक्षात 20 च टाके बसले, तर घेर 99 सेंमी. होतो, म्हणजे स्वेटर एका मापाने मोठा. चौकोन किमान 15 सेंमी.चा विणून, धुऊन, सुकवून, कडेचे टाके सोडून मधोमध मोजतात.

वेढे मोजण्याची रीत हातकताईतून आली. पट्टीवर धागा न ताणता, शेजारी-शेजारी गुंडाळून एका इंचात किती वेढे बसतात ते पाहतात. चार प्लायसाठी सुमारे 14, डीकेसाठी 11, अरानसाठी 8 असे आकडे दिले जातात. मोजणाऱ्याच्या हाताप्रमाणे ते दोन-तीनने सहज हलतात. वेष्टन हरवलेल्या गुंडीसाठी ही रीत ठीक, बाकी तिच्यावर विसंबू नये.

या सर्वांत 100 ग्रॅ.मागे किती मीटर, हे माप अधिक भरवशाचे मानावे लागते. त्यालाही मर्यादा आहेत. कापसाची घनता सुमारे 1.54, लोकरीची 1.31 आणि ॲक्रिलिकची 1.17 ग्रॅ. प्रति घ.सेंमी. असते. म्हणून सारख्याच वजनात सारखीच लांबी भरणारा सुती धागा लोकरीपेक्षा बारीक निघतो आणि ॲक्रिलिकचा जाड. विंचरून कातलेला धागा घट्ट व सडपातळ, तर आखूड तंतूंचा फुगीर. शिवाय लोकर हवेतील ओलावा शोषते. प्रमाणित ओलावा तिच्या कोरड्या वजनाच्या 16 ते 18 टक्के, कापसाचा सुमारे 8.5 टक्के धरतात. भारतीय प्रमाणानुसार चाचणी 27° से. तापमान व 65 टक्के सापेक्ष आर्द्रतेत होते. पावसाळी मुंबईत तराजूवर ठेवलेली लोकर त्यापेक्षा जड भरणार. ॲक्रिलिकचा ओलावा नगण्य असल्याने त्याला ही अडचण येत नाही. बाजारात ‘लोकर’ म्हणून विकली जाणारी बरीचशी गुंडी ॲक्रिलिकची असते. लुधियाना हे तिचे मोठे केंद्र.

क्रोशेचा धागा : क्रोशेत सारखाच धागा वापरला तर सुई विणकामापेक्षा जाड घेतात, वर्ग 4 साठी विणकामाच्या सुया 4.5 ते 5.5 मिमी., तर क्रोशेची सुई 5.5 ते 6.5 मिमी. सुचवली जाते. नमुन्यातील खांब (उभा टाका) कोणता, हेही पाहावे लागते : ब्रिटिश ‘ट्रेबल’ला अमेरिकेत ‘डबल क्रोशे’ म्हणतात. तोरणे, रुमाल व झालरी यांसाठीच्या सुती दोऱ्याचे क्रमांक 10, 20, 40, 60, 80 असे चढतात आणि दोरा बारीक होत जातो. या क्रमांकांचा मूळ संबंध सूतांकाशी असावा. शिवणदोऱ्यात तीनपदरी 60 क्रमांक म्हणजे 60 सूतांकाचे तीन धागे, तर सहापदरीत 120 सूतांकाचे सहा, असा नियम होता. क्रोशेच्या दोऱ्याला तो काटेकोरपणे लागू पडत नाही. दोन उत्पादकांचा 20 क्रमांक तंतोतंत सारखा नसतो, म्हणून मोठ्या कामाला लागणाऱ्या गुंड्या एकाच वेळी, एकाच उत्पादकाच्या घेतात.

महाराष्ट्रात दख्खनी मेंढीची लोकर भरड असून ती मुख्यतः घोंगड्या विणण्यासाठी वापरली जाते. वर सांगितलेले वर्ग सुयांवरच्या कामासाठी ठरवलेले असल्याने घोंगडीच्या सुताला ते लावले जात नाहीत.