बाळांचे ऊन-संरक्षण (कोकण किनारा)

तान्ही बाळे आणि शाळेत न जाणारी लहान मुले यांना सुट्टीतल्या मुक्कामात उन्हापासून जपण्याची रीत. कोकणात हा प्रश्न मुख्यतः मे महिन्याचा. शाळा सुटतात, आंबा उतरतो, चाकरमानी गावी येतात आणि पर्यटक अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पुळणींवर (वाळूच्या किनाऱ्यांवर) पसरतात. नेमका याच दिवसांत सूर्य कोकणाच्या थेट डोक्यावरून जातो. मालवणात ५ मेच्या सुमारास, रत्नागिरीत त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आणि मुंबईत १५ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दुपारी उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायांखाली जाते, आणि बाळाला धरायला सावली म्हणून काही उरत नाही.

उन्हाचे दोन मार वेगळे ओळखावे लागतात. एक उष्णतेचा, दुसरा अतिनील किरणांचा. उष्णता अंगाला कळते, किरणे कळत नाहीत. कोकणात पारा विदर्भासारखा चढत नाही. हवामान खात्याच्या निकषांत मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंश सेल्सिअसपासून सुरू होतो, किनारी केंद्रांसाठी ३७ पासून. त्यात दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटले की पुळणीवर बरे वाटू लागते, आणि फसगत होते ती इथेच. वारा कातडी गार ठेवतो, पण किरणे अडवत नाही. शिवाय कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणे परत उसळवतो, म्हणजे मार खालूनही येतो. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे उष्णतेचा त्रास थर्मामीटरच्या आकड्यावरून वाटतो त्यापेक्षा जास्त होतो.

बाळाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते आणि तिच्यातले मेलॅनिन (कातडीला रंग देणारे द्रव्य) अजून पुरते कामाला लागलेले नसते. वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा असल्याने ते लवकर तापते, आणि घाम येण्याची यंत्रणाही कच्ची असते. तहान लागली हे त्याला सांगता येत नाही, सावलीकडे सरकता येत नाही. ‘आपण सावळी माणसं, आपल्याला ऊन बाधत नाही’ हा समज अर्धाच खरा आहे. गडद वर्णाला काही संरक्षण असते, पण गडद कातडीवर भाजल्याचा लालपणा चटकन दिसत नाही. हात लावल्यावर गरम लागणे, बाळाने अंग चोरणे, कपडा घालताना रडणे या खुणा पाहाव्या लागतात. घराघरांत या विषयावर होणारी चर्चा मात्र बहुधा ‘पोर काळवंडेल’ एवढ्यावरच थांबते. रंगाची काळजी भाजण्याच्या काळजीपेक्षा मोठी होऊन बसते.

सर्वांत भरवशाचा उपाय सावली, आणि ती कधी कुठे पडते याचे कोकणी गणित समजून घेण्याजोगे आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, तर कोकण ७३ अंशांच्या आसपास. त्यामुळे इथला खरा मध्यान्ह घड्याळात बाराला नसून साडेबारा उलटून गेल्यावर होतो, आणि ‘दहा ते चार टाळा’ हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम इथे तंतोतंत लागू पडत नाही. त्याहून सोपी खूण म्हणजे आपली स्वतःची सावली. ती उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक. मेमध्ये मध्य कोकणात ही वेळ साधारण साडेनऊ ते पावणेचार अशी येते. नाताळच्या सुट्टीत ती सव्वाअकरा ते दोन एवढीच उरते, म्हणून डिसेंबरचा किनारा लहान मुलांसाठी जास्त सोयीचा. मात्र तेव्हाही दुपारचे ऊन निर्धोक नसते.

दुसरी गोष्ट दिशेची. कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. गुहागर किंवा काशीद इथली सुरूची बने पुळणीच्या पूर्वेला, जमिनीच्या बाजूला आहेत. त्यामुळे सकाळी त्यांची सावली वाळूवर लांब पसरते आणि बाळाला घेऊन बसायची खरी जागा मिळते. दुपारनंतर तीच सावली मागे, गावाकडे वळते, आणि संध्याकाळचे ऊन समुद्राच्या बाजूने छत्रीच्या खालून आत शिरते. सुरूची सावली विरळ असते, आंब्या-फणसाची दाट. किनाऱ्यावरची छत्री तर आणखी अपुरी, कारण किरणे आकाशातून आणि वाळूवरून बाजूंनीही येतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील टेक्ससच्या एका प्रयोगात साडेतीन तास केवळ छत्रीखाली बसलेल्या ७८ टक्के लोकांची कातडी कुठे ना कुठे भाजली होती. सगळ्यांत चांगली सावली गावच्या घराची. पडवी, ओटी आणि खळ्यातला झावळ्यांचा मांडव यांनी दुपार टळते.

कपड्यांत एक अडचण आहे. मलमलचे झबले गारव्याला उत्तम, पण पातळ विणीतून किरणे आत जातात आणि भिजल्यावर आणखी जातात. घट्ट विणीचा, गडद रंगाचा कपडा किरणे अडवतो, पण उकडतो. पाण्यात खेळणाऱ्या मुलाला लांब बाह्यांचा घट्ट विणीचा पोहण्याचा पोशाख, आणि सावलीतल्या तान्ह्याला सैल सुती झबले, अशी वाटणी करावी लागते. टोपड्याने डोके झाकते, चेहरा झाकत नाही. त्यापेक्षा रुंद काठाची टोपी बरी. कुंचीची मागची पट्टी मान झाकते, ही युक्ती आजीबाईंची. मात्र खणाची अस्तर लावलेली कुंची मेमध्ये नको. बाबागाडीवर दुपटे टाकून ‘सावली’ करणे तर धोक्याचेच, कारण आत हवा कोंडून तापते.

सहा महिन्यांखालील बाळाला थेट उन्हात नेऊच नये. या वयात सनस्क्रीन सहसा लावत नाहीत. सावली मिळणे अशक्यच झाले तर चेहरा, हाताच्या पाठी अशा उघड्या जागी थोडे लावावे, असे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मत आहे. त्यापुढच्या मुलांना एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा अधिक, दोन्ही प्रकारच्या (यूव्हीए व यूव्हीबी) अतिनील किरणांवर चालणारे, शक्यतो झिंक ऑक्साइडचे मलम उन्हात जाण्याआधी १५ ते ३० मिनिटे लावतात आणि दर दोन तासांनी व पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावतात. पाण्यात असले की ऊन लागत नाही, असेही नाही. अर्धा मीटर खोलीवर पृष्ठभागावरच्या सुमारे ४० टक्के अतिनील किरणे पोचतात. खोबरेल तेल हे सनस्क्रीन नव्हे.

पाण्याबाबत वयाची रेघ पक्की आहे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला कितीही उकडत असले तरी फक्त आईचे दूध, तेही अधिक वेळा. वरचे पाणी नको, शहाळ्याचेही नको. घरातल्या वडीलधाऱ्यांशी यावर वाद होतोच. मोठ्या मुलांना साधे पाणी, शहाळे, ताक चालते. गोड कोकम सरबत तहानेचा उपाय म्हणून वारंवार देऊ नये.

पुळणीपेक्षा अवघड असतात त्या सहली. मुरूड-जंजिरा किंवा सिंधुदुर्ग पाहायला होडीने गेले की होडीत व तटावर तास दोन तास सावली कमी मिळते. रत्नागिरी-राजापूरकडच्या कातळसड्यांवर खोदचित्रे पाहायला जाणाऱ्यांनाही हेच भोगावे लागते. तापलेल्या जांभ्यावर (तांबड्या कातळावर) मूल अनवाणी उतरवू नये. उभ्या गाडीत बाळाला क्षणभरही एकटे ठेवू नये. काच किंचित खाली केल्याने आतली हवा तापायची थांबत नाही.

भाजल्याचा परिणाम काही तासांनी दिसतो आणि पुढच्या दिवसभरात वाढतो. गार पाण्याची ओली घडी ठेवावी, बर्फ नको. भिरंडेल (कोकमाच्या बियांचे तेल) भेगाळलेल्या टाचांना गुणकारी असले तरी ताज्या भाजलेल्या जागी तेलकट काही लावू नये. फोड आले, किंवा बाळ वर्षाच्या आतले असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. मूल सुस्त पडले, दूध ओढेना, सहा-आठ तास लघवी झाली नाही, टाळू खोल गेली, तर वाट पाहू नये. ताप ४० अंशांवर, झटका किंवा शुद्ध हरपणे हा उष्माघात. अंगावर पाणी मारत, वारा घालत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सकाळच्या कोवळ्या उन्हात तेल लावून बाळाला पायांवर घेण्याची रीत कोकणात अजून आहे. ड जीवनसत्त्वासाठी ती पुरेशी मानली जात नाही; भारतीय बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट थेंबांतून देण्याचा सल्ला देतात. कावीळ झालेल्या नवजाताला मात्र उन्हात धरून घरी उपचार करू नयेत. रुग्णालयातला निळा प्रकाश मोजून दिलेला असतो, ऊन नसते.

गणपतीत गावी येणाऱ्यांसाठी एक नोंद. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य पुन्हा मध्य व दक्षिण कोकणाच्या डोक्यावर असतो, गणपतीपर्यंतही दुपारी तो बराच उंच राहतो, आणि विरळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे खाली येतात. पावसाच्या दोन सरींमधली उघडीप मेइतकीच कडक असू शकते.