कोणाचाच नसलेला पेपर : जगाचा इतिहास आणि पोस्टडॉक

इतिहासाच्या विभागात प्रत्येक पेपरवर, म्हणजे शिकवायच्या प्रत्येक विषयावर, कोणाचा ना कोणाचा हक्क असतो. फ्रेंच राज्यक्रांती ज्यांचा विषय, त्यांच्याकडे तो पेपर वर्षानुवर्षं राहतो. ऑटोमन साम्राज्याचंही तेच. जगाच्या इतिहासाचं तसं होत नाही, कारण सबंध जगावर कोणी पीएचडी करत नाही. प्रबंध होतो तो एखाद्या बंदरावर किंवा एखाद्या पिकाच्या प्रवासावर. मग पहिल्या वर्षाच्या दोन-तीनशे मुलांसमोर उभं राहून हिमयुगापासून शीतयुद्धापर्यंत बोलायचं कोणी, हा प्रश्न दर वर्षी नव्याने उभा राहतो. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या कितीतरी विभागांत गेली तीसेक वर्षं तो एकाच प्रकारे सुटत आला आहे : नुकतीच पीएचडी झालेला, एक-दोन वर्षांच्या नेमणुकीवर आलेला पोस्टडॉक.

पीएचडीनंतरच्या या अधांतरी काळाला जुनं मूळ आहे. १८१० मध्ये बर्लिनचं विद्यापीठ उभं राहिलं. तिथे आणि इतर जर्मन विद्यापीठांत १९ व्या शतकभर 'प्रिव्हाटडोझेंट' नावाचा एक वर्ग होता. दुसरा प्रबंध लिहून व्याख्यानाचा अधिकार मिळवायचा, पण विद्यापीठाकडून पगार मिळायचा नाही. वर्गात नाव नोंदवणारे विद्यार्थी जी फी देतील तीच कमाई. १९१७ साली म्युनिकमध्ये झालेल्या, आजही वाचल्या जाणाऱ्या एका व्याख्यानाची सुरुवात याच विषयाने होते. जर्मनीतल्या तरुण अध्यापकाला शिकवायची इच्छा असते तेवढे तास मिळत नाहीत. अमेरिकेतला तरुण सहायक पगार घेतो म्हणूनच तासांखाली दबून जातो, असं वक्ता सांगतो. शंभर वर्षं उलटून गेली तरी ही तुलना वाचताना आपल्याच काळाबद्दल वाचतोय असं वाटतं.

अमेरिकेत पदवीच्या मुलांना सक्तीने इतिहास शिकवण्याची प्रथा पहिल्या महायुद्धातून आली. सैनिकी प्रशिक्षणासाठी कॉलेजांत आलेल्या तरुणांना आपण का लढतोय हे कळावं म्हणून १९१८ मध्ये एक खास पेपर सुरू झाला. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठाने त्याच धर्तीवर सर्वांना सक्तीचा असा समकालीन संस्कृतीचा पेपर आणला. त्यातून 'पाश्चात्त्य संस्कृती' हा साचा देशभर पसरला : ग्रीस, रोम, चर्च, प्रबोधन, क्रांती, आपण. बाकीचं जग या गोष्टीत कोणी युरोपीय माणूस जहाजातून उतरला की मगच दिसायचं.

या साच्याला पहिले धक्के दिले ते शिकवणाऱ्यांनीच. शिकागो आणि मॅडिसनमध्ये १९६० च्या सुमारास काही प्राध्यापकांनी प्रदेशांची तुलना आणि संस्कृतींचा परस्परसंबंध हा अभ्यासाचा पाया धरला. १९८२ मध्ये जागतिक इतिहास शिकवणाऱ्यांची स्वतंत्र संघटना झाली, १९९० मध्ये तिचं नियतकालिक निघालं. या चळवळीत शाळांचे आणि छोट्या कॉलेजांचे शिक्षक पहिल्यापासून होते. मोठ्या संशोधन-विद्यापीठांनी हा विषय बराच काळ पाठ्यपुस्तकी आणि हलका मानला. या अवहेलनेचे परिणाम अजून भोगावे लागतात : जो पेपर विभागाच्या लेखी प्रतिष्ठेचा नाही, तो ज्येष्ठांकडे जात नाही.

त्याच सुमारास नोकऱ्या आटल्या. १९६० च्या दशकात विद्यापीठं वाढत होती तेव्हा पीएचडी संपायच्या आधीच बोलावणी येत. १९७० नंतर ती थांबली आणि हाती पदवी असलेल्या माणसांचा साठा तयार झाला. त्या दशकात न्यूयॉर्क आणि शिकागोमधल्या दोन विद्यापीठांनी मानव्यविद्यांसाठी फेलोशिपा काढल्या : तरुण विद्वानाने आपलं संशोधन करावं आणि त्याबरोबर पदवीच्या मुलांचे सक्तीचे वर्ग घ्यावेत. योजना सद्भावनेची होती, आणि तिच्यामुळे अनेक जण या क्षेत्रात टिकले हेही खरं. पण सक्तीच्या पेपरचं ओझं तात्पुरत्या खांद्यांवर ठेवायची वाट तिथून रुळली.

कॅलिफोर्नियातल्या एका खासगी विद्यापीठात हे फार स्पष्ट दिसतं. तिथे १९८० पासून पहिल्या वर्षाला पाश्चात्त्य संस्कृतीचा पेपर सक्तीचा होता. जानेवारी १९८७ मध्ये शेकडो विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध मोर्चा काढला आणि १९८८ मध्ये प्राध्यापकांच्या सभेने तो बदलला. या निर्णयावर देशाचा शिक्षणमंत्रीही टीका करत होता, वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. कोणती पुस्तकं गेली, कोणती आली, याचीच चर्चा. मात्र १९९७ मध्ये त्या पेपरची जागा नव्या रचनेने घेतली तेव्हा वरची व्याख्यानं प्राध्यापकांकडे राहिली, आणि छोट्या गटांतली चर्चा, निबंध तपासणं, मुलांना नावानिशी ओळखणं हे सगळं पीएचडी झालेल्या कंत्राटी फेलोंकडे गेलं. यावर कोणी मोर्चा काढला नाही. २०१२ मध्ये ती रचनाही बंद झाली. काय शिकवायचं यावर दशकभर भांडण झालं, कोणी शिकवायचं याची व्यवस्था मात्र गाजावाजा न होता लागली.

इथे 'पोस्टडॉक' या शब्दाकडे नीट पाहायला हवं, कारण सगळा गुंता त्या शब्दात आहे.

१९१९ मध्ये अमेरिकेत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रातल्या नव्या पीएचडीधारकांसाठी फेलोशिपा सुरू झाल्या. त्यामागचा विचार सरळ होता : हुशार तरुणाला कॉलेजात नोकरी लागली की आठवडाभर तासच तास, प्रयोगाला वेळ नाही; म्हणून दोन-तीन वर्षं त्याला शिकवण्यातून मोकळं करायचं. म्हणजे पोस्टडॉक ही कल्पना जन्मली तीच शिकवण्यापासून सुटका म्हणून. इतिहासाने विज्ञानाकडून नाव उसनं घेतलं आणि त्यात नेमकं उलटं काम भरलं. आज एकाच शब्दाखाली दोन माणसं बसतात. एकाच्या करारात लिहिलेलं असतं की आठवड्याला अमुक तासांपेक्षा जास्त शिकवू नये. दुसऱ्याच्या करारात लिहिलेलं असतं की वर्षाला इतके पेपर शिकवलेच पाहिजेत, आणि उरलेल्या वेळात संशोधन अपेक्षित आहे. दोघांच्या दारावरची पाटी एकच.

२००७ मध्ये अमेरिकेतल्या विज्ञानाला निधी देणाऱ्या दोन सरकारी संस्थांनी मिळून पोस्टडॉकची व्याख्या केली : ठरावीक काळापुरतं, मार्गदर्शकाच्या देखरेखीखालचं पुढचं प्रशिक्षण, ज्यातून माणसाची व्यावसायिक कौशल्यं वाढतील आणि तो संशोधनात स्वतंत्र होईल. प्रयोगशाळेला ही व्याख्या बरी बसते. इतिहासाच्या वर्गाला लावून पाहिली की तिचा एकेक टाका उसवतो. मार्गदर्शक कोण? तीनशे मुलांचा पेपर चालवणाऱ्या पोस्टडॉकच्या वर्गात वर्षभरात एकही ज्येष्ठ येऊन बसत नाही, असं सर्रास घडतं. प्रशिक्षण कसलं? तो शिकवतो, प्रश्नपत्रिका काढतो, गुण देतो, नापास झालेल्या मुलाच्या पालकांच्या ईमेलला उत्तरही देतो. हे पूर्ण अध्यापकाचं काम आहे. त्याला प्रशिक्षण म्हटलं की पगार विद्यावेतनासारखा ठरवता येतो. नोकरी म्हटलं तर रजा, निवृत्तिवेतन, मुदतवाढ हे सगळं बोलावं लागतं. शब्द कोणता वापरायचा यावर पैसे ठरतात, म्हणून तो इतका चिवटपणे संदिग्ध राहिला आहे.

वेगवेगळ्या देशांनी हा गुंता कायद्याने सोडवू पाहिला. ब्रिटनमध्ये २००२ चे नियम सांगतात की एकाच मालकाकडे लागोपाठच्या मुदतीच्या करारांवर चार वर्षं झाली, की सबळ कारण नसल्यास नोकरी कायम समजावी. पण नऊ-दहा महिन्यांच्या नेमणुका घेत दर वर्षी नव्या विद्यापीठात जाणाऱ्याची मोजणी प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू होते. जर्मनीत २००७ च्या कायद्याने पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं मुदतीच्या नेमणुका चालतील असं ठरवलं. हेतू शोषण थांबवण्याचा होता. प्रत्यक्षात चाळिशीला आलेला माणूस, प्रबंध दोन, पुस्तकं छापलेली, आणि पुढे दार बंद. सरकारी खात्याच्या एका माहितीपर चित्रफितीत 'हाना' नावाचं काल्पनिक पात्र दाखवून, एका पिढीने व्यवस्था तुंबवू नये म्हणून माणसं बदलत राहणं चांगलं, असं समजावलं होतं. जून २०२१ मध्ये हजारो संशोधकांनी 'मी हाना आहे' असं लिहून आपापली खरी कहाणी मांडली. कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठांच्या पोस्टडॉकांनी २००८ मध्ये युनियन केली, २०१० मध्ये पहिला करार मिळवला. पण तिथेही बहुसंख्य प्रयोगशाळांतले होते. शिकवणारा इतिहासाचा पोस्टडॉक या सगळ्या व्याख्यांच्या फटीत उभा राहतो. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा अन्याय तिथे आहे, आणि तो भाषेत लपलेला असल्यामुळे दिसत नाही.

आणखी एका शब्दाचा गोंधळ थोडक्यात. इंग्रजीत 'वर्ल्ड हिस्टरी' आणि 'ग्लोबल हिस्टरी' असे दोन प्रवाह आहेत. मराठीत दोन्हींना आपण 'जागतिक इतिहास' म्हणून मोकळे होतो. पहिला प्रवाह बहुतांशी वर्गातून आला : सगळ्या संस्कृतींना जागा देणारा, दीर्घ कालपट मांडणारा. दुसरा संशोधनातून आला : वस्तू, माणसं, कल्पना यांच्या देवाणघेवाणीचा माग काढणारा. त्याचं स्वतःचं नियतकालिक लंडनमधून २००६ मध्ये निघालं, २०११ मध्ये ऑक्सफर्डमध्ये केंद्र झालं. २००० नंतर प्रतिष्ठा मिळाली ती या दुसऱ्याला.

प्रतिष्ठेबरोबर अनुदानं आली. २००७ पासून युरोपात मोठी संशोधन-अनुदानं देणारी नवी यंत्रणा सुरू झाली, आणि समुद्र, साम्राज्यं, व्यापार यांवरच्या प्रकल्पांनाही त्यातून पैसा मिळाला. ज्येष्ठ प्राध्यापकाला अनुदान मिळालं की तो काही वर्षं वर्गातून मोकळा होतो. त्याचे तास घ्यायला वर्षाच्या बोलीवर कोणी तरी येतं. अशा रीतीने विषय जितका मोठा झाला, तितकी तो शिकवणारी माणसं तात्पुरती होत गेली. शिवाय अमेरिकेत प्राध्यापकांसाठीची सक्तीची निवृत्ती १९९४ पासून उठली होती, आणि २००८ च्या मंदीनंतर इतिहासाच्या कायम जागांच्या जाहिराती झपाट्याने घटल्या. पीएचडी मात्र होत राहिल्या.

वर्गात याचा अर्थ काय होतो? या पेपरचे सहसा दोन भाग असतात : १५०० पर्यंत आणि १५०० नंतर. दुसऱ्या भागाला अधूनमधून ज्येष्ठ मिळतो. पहिला भाग पोस्टडॉकच्या पदरात पडतो. १८ व्या शतकातल्या हिंदी महासागरावर प्रबंध लिहिलेली बाई ऑगस्टमध्ये रुजू होते, आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिला मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांवर बोलायचं असतं. एका व्याख्यानाची तयारी आठ-आठ, दहा-दहा तास चालते. नोकरीचे अर्ज त्याच महिन्यांत भरायचे असतात.

तरीही या माणसांनी जे शिकवलं ते पाहिलं की मन भरून येतं. मी बसलेल्या एका वर्गात पोस्टडॉकने एक चांदीचं नाणं मुलांच्या हातात फिरवलं. १८ व्या शतकातलं, आठ रियालचं, मेक्सिको शहराच्या टांकसाळीतलं. त्यावर स्पॅनिश राजाचा चेहरा, आणि चेहऱ्यावर ठिकठिकाणी ठोकलेले चिनी अक्षरांचे बारीक शिक्के. 'हे कोणी ठोकले असतील?' एवढंच तिने विचारलं आणि ती गप्प राहिली. पाच मिनिटांत मुलांनी स्वतःच वाट काढली : नाणं चीनला गेलं, तिथल्या व्यापाऱ्याने चांदी खरी आहे का पारखली, खात्री पटल्यावर आपली खूण उठवली. मग तिने नकाशा लावला. १५४५ मध्ये, आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात सापडलेली चांदी. १५७० च्या दशकापासून तिथे सक्तीने पाठवलेले गावोगावचे मजूर. १५७१ मध्ये स्पॅनिशांनी उभं केलेलं मनिला. मेक्सिकोतल्या अकापुल्को बंदरातून पॅसिफिक ओलांडणारी गलबतं. आणि चांदीत कर भरायला लागलेलं मिंग घराण्याचं चीन. चीनच्या किनाऱ्यावरचे इंग्रज नाणं पारखणाऱ्याला 'श्रॉफ' म्हणत, म्हणजे आपला 'सराफ'च. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, 'खाणीतल्या माणसाला यातलं किती मिळालं?' उरलेला तास त्या प्रश्नावर गेला.

असा तास पहिल्या वर्षी जमत नाही. तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी जमतो, कुठे थांबायचं, काय सांगायचं नाही हे कळल्यावर. तोवर बहुतेकांची मुदत संपलेली असते.

अलीकडे विषयावरच शंका घेतली जाऊ लागली. युरोपीय संघातून बाहेर पडण्यावरच्या २०१६ च्या ब्रिटिश सार्वमतानंतर आणि त्याच वर्षीच्या अमेरिकी निवडणुकीनंतर या क्षेत्रातल्या काही ज्येष्ठांनी विचारलं, की जोडलेल्या जगाची गोष्ट सांगताना न जोडली गेलेली, मागे राहिलेली माणसं आपण विसरलो का? इंग्रजीतच लिहून, इंग्रजीच वाचून जग कळतं का? प्रश्न रास्त आहेत. पण त्यांची उत्तरं वर्गात द्यायची म्हणजे नव्या भाषांतली साधनं शोधायची, वाचनाच्या याद्या बदलायच्या, सगळा पेपर पुन्हा बांधायचा. आणि पेपर पुन्हा बांधायचा अधिकार पोस्टडॉकला बहुधा नसतो. तो विभागाच्या बैठकीला नसतो. २०२० मध्ये महासाथीत अनेक विद्यापीठांनी नव्या नेमणुका गोठवल्या तेव्हा सर्वांत आधी थांबल्या त्या याच जागा.

नाण्याचा तास घेणारी बाई दुसऱ्या वर्षाअखेर गेली. जाताना तिने विभागाच्या सामाईक फोल्डरमध्ये सगळ्या स्लाइड ठेवल्या. नाण्याच्या छायाचित्राखाली पुढच्या शिक्षकासाठी एक टिपण आहे : 'मुलं खाणीतल्या माणसाबद्दल विचारतात. पोतोसीच्या स्लाइडला वीस मिनिटं जास्त ठेवा.'