भेंडीचा एक दिवस चुकला की

भेंडीचे फूल सकाळी उमलते. पिवळे, पोटात गडद जांभळा डाग. संध्याकाळपर्यंत ते मिटते आणि पुन्हा उघडत नाही. तिथून दिवस मोजायला लागावे: उन्हाळ्यात पाचव्या ते सातव्या दिवशी भेंडी तोडायला येते. आणखी तीन-चार दिवस झाडावर राहिली, तर चिरताना सुरी करकरते आणि खाताना दातात दोरे अडकतात. बी भरू लागले की शेंगेच्या सालीत लिग्निन साठते. लाकडाला टणक करणारे द्रव्य तेच. कुकरच्या कितीही शिट्ट्या केल्या तरी ते मऊ होत नाही.

लांबीवर विसंबू नये. पाणी कमी पडलेल्या झाडाची भेंडी बोटाएवढी असतानाच निबर होते. खरी परीक्षा मंडईतलीच, भाजीवाल्याची नजर चुकवून करतात ती: शेंडा मोडून पाहायचा. कट्कन तुटला तर कोवळी, वाकून लोंबकळला तर निबर.

पण निबर भेंडीचे नुकसान तिच्यापुरते नसते. झाडाच्या दृष्टीने फळ म्हणजे बी पिकवण्याची पिशवी. बी भरत असलेले फळ पानांनी तयार केलेली साखर स्वतःकडे ओढून घेते. शिवाय भरत्या बियांकडून संप्रेरकांचे जे संदेश जातात, ते नवी फुले थोपवतात. पानाआड विसरलेल्या दोन-तीन भेंड्या म्हणूनच सगळ्या झाडाचा वेग कमी करतात. खायच्या नसल्या तरी त्या काढून टाकाव्यात. बियाणे धरायचे असेल तर एक झाड वेगळे राखावे, आणि तेही ‘परभणी क्रांती’सारख्या सरळ वाणाचे, कारण संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच निघत नाही.

तोडणी दिवसाआड, देठासह, कात्रीने. ओढून तोडली तर खोडाची साल सोलून निघते. बाह्या लांब असाव्यात, कारण लव अंगाला लागून खाज सुटते. बहरातले झाड साधारण दिवसाआड एक भेंडी देते. पाव किलो भाजीला २० ते २५ भेंड्या लागतात, म्हणजे झाडेही जवळपास तितकीच हवीत. चार कुंड्यांवर चौघांचे जेवण होत नाही, हा हिशेब पेरणीपूर्वीच केलेला बरा.

वेलांची तक्रार निराळी: ‘नुसती फुले येतात, फळ धरत नाही.’ काकडी, दुधी, दोडका यांच्या वेलावर आधी नर फुले येतात, आणि कडक उन्हात त्यांचे प्रमाण आणखी वाढते. मादी फूल ओळखायला सोपे, त्याच्या मागे इवलेसे फळ असते. ते फळ चार-पाच दिवसांत पिवळे पडून गळले, तर बहुधा परागीभवन झालेले नसते. गच्चीवर मधमाश्या कमी, त्यामुळे हे काम हाताने करावे लागते. मात्र वेळ सांभाळावी. काकडी, कारले आणि लाल भोपळ्याची फुले सकाळी लवकर उमलतात. दोडक्याची आणि दुधीची संध्याकाळी. सकाळी दोडक्यापाशी उभे राहून उपयोग नाही. ताजे नर फूल तोडावे, पाकळ्या काढाव्यात आणि मधला परागांचा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवावा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते.

दुधी नखाने पाहावी. साल सहज टोचली जाते आणि अंगावर बारीक लव असते, तोवर ती कोवळी. कडूपणाकडे मात्र गंमत म्हणून पाहू नये. या कुळातील वनस्पतींत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात, आणि पाण्याचा ताण व उष्णता यांनी त्यांचे प्रमाण वाढू शकते. काकडीत ती देठाकडे आणि सालीत जास्त असतात. म्हणून देठाकडचा तुकडा कापल्याचा फायदा होतो. तो घासून आलेल्या फेसाचा नव्हे. दुधीचा तुकडा आधी जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकावा आणि अख्खी दुधी फेकावी. कडू दुधीचा रस पिऊ नये, असे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीनेही बजावले आहे. त्या विषावर उतारा नाही, आणि शिजवून ते जाईल याची खात्रीही नाही.

टोमॅटोला मे महिना मानवत नाही. दिवसा ३५ अंशांपुढे आणि रात्रीही उकाडा राहिला, की पराग निकामी होतात आणि फुले गळतात. तेव्हा खत वाढवून काहीच साधत नाही. आधी धरलेली फळे झाडावर पिवळट-नारिंगीच राहतात, कारण लाल रंग देणारे लायकोपीन साधारण ३० अंशांपुढे नीट तयार होत नाही. फळाच्या तळाला गुलाबी छटा दिसली की तोडावे आणि घरातल्या थंड कोपऱ्यात एकेरी थरात मांडून ठेवावे. तिथे ते लाल होते, वर उन्हाचे पांढरे चट्टेही टळतात.

तोडणी उजाडताच करावी. रात्रीतून पेशींत पाणी भरलेले असते. दुपारी तोडलेली माठाची भाजी टोपलीतच मान टाकते. भाजी तोडल्यावरही श्वसन करत राहते आणि तापमान १० अंशांनी वाढले की तो वेग दुप्पट किंवा अधिक होतो. फ्रीज नसेल तर रुंद मातीच्या भांड्यात ओली वाळू घालून त्यात दुसरे लहान भांडे बसवावे, वर ओले फडके टाकावे. बाष्पीभवनाने आतला भाग थंड राहतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हे छान चालते. कोकणातल्या दमट हवेत फारसे नाही. माठाची भाजी, काकडी त्यात ठेवावी. भेंडी मात्र कोरडी करून कापडी पिशवीत वेगळी; ओली राहिली तर दुसऱ्या दिवशी काळी आणि बुळबुळीत होते.