ट्रेडमिलवरचं विमान आणि बिचारी चाकं

परवा फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड परत फिरून आला. विमान ट्रेडमिलवर उभं आहे, ते जेवढ्या स्पीडने पुढे जाईल तेवढ्याच स्पीडने पट्टा मागे जाणार, तर विमान उडेल का? लगेच दोन पार्ट्या पडल्या आणि "नाही उडणार"वाल्यांत आमचे दोन इंजिनियर.

उडेल हो, आरामात उडेल.

घोटाळा होतो कारण आपल्या डोक्यात कार असते. कारचं इंजिन चाकं फिरवतं, चाकं रस्त्याला मागे रेटतात, म्हणून पट्ट्यावर कार जागच्या जागी. विमानाच्या चाकांना इंजिन जोडलेलंच नसतं! जेट हवा मागे फेकतं, विमान पुढे, चाकं नुसती सोबत घरंगळतात. एअरपोर्टवरचा चालता पट्टा उलटा येतोय, तुम्ही बाजूच्या फरशीवरून चालताय आणि चाकांची बॅग तेवढी पट्ट्यावरून ओढताय असं समजा, बॅग मागे राहते का? चाकं डबल गरगरतात, बास.

आता आकडे, मला हेच आवडतं. बोइंग ७३७-८०० फुल भरलं की ७९ टन, दोन्ही इंजिनांचा जोर साधारण २४ टन. चाकांचा विरोध वजनाच्या दोन टक्के धरला तरी दीड टनाच्या आसपास, आणि स्पीड डबल झाला म्हणून तो काही डबल होत नाही. टेकऑफ ताशी २५० किमीला धरला तर चाकं ५०० ने फिरणार आणि टायर असतात साधारण ३६० पर्यंतचे, तेव्हा काळजी करायचीच तर टायरची करा.

काही जण म्हणतात पट्टा विमानाशी नाही, चाकाच्या स्पीडशी मॅच करायचा. मग विमान रोखायला पट्ट्याचा स्पीड नाही, त्याचं त्वरण (म्हणजे स्पीड किती भराभर वाढतो ते) लागतं, कारण चाकाला जास्त जास्त जोरात फिरवायला जे बल लागतं (जडत्व-आघूर्ण, म्हणजे चाक फिरायला किती विरोध करतं ते, गुणिले कोनीय त्वरण, म्हणजे चाकाचं फिरणं किती भराभर वाढतं ते, भागिले त्रिज्या) तेच अक्षावर मागे ओढतं. सगळी चाकं मिळून एक टन आणि भरीव चकत्या धरल्या तर इंजिनांचा तो २४ टनांचा जोर अडवायला पट्ट्याचा स्पीड दर सेकंदाला ताशी १७०० किमीने वाढायला हवा, म्हणजे पहिल्याच सेकंदात आवाजाच्या पुढे. करा तयार असा पट्टा.



आणि उलट्या पट्ट्यावरून विमान उडवून बघितलेलंही आहे, २००८ साली 'मिथबस्टर्स' या टीव्ही शोवाल्यांनी. लांबलचक ताडपत्रीवर छोटं अल्ट्रालाइट विमान ठेवलं, पिकअपने ताडपत्री उलट्या दिशेला खेचली. खुद्द पायलटलाच वाटत होतं विमान जागेवर राहील, पण ते सरळ पुढे पळालं आणि उडालं. व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय, दोन्ही इंजिनियरांच्या निळ्या टिक्स दिसतायत, उत्तर नाही.